मानाची मॅच आणि क्रेगीबर्नचं हळदीकुंकू

मेलबर्नच्या त्या प्रवासाबद्दल कुणी विचारलं की मी गुंडगाईच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. वाटेतल्या त्या गावाबाहेर डब्यावर बसलेल्या एका कुत्र्याचा पुतळा आहे, आणि आमच्या संघातल्या एका पोराने त्याला हेल्मेट घातलं म्हणून एक म्हातारी बाई आम्हाला कशी रागावली, ही ती गोष्ट. लोक हसतात आणि विषय संपतो. कराडला परत आल्यापासून सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींना ती पाठ झाली आहे. पुढे काय झालं ते मी कधीच सांगितलं नाही. आधी वाटलं, इतक्यात नको. मग वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. आता वय असं झालं आहे की टाळलेलं टाळलेलंच राहून जाईल. म्हणून लिहायला बसलो, आणि पहिल्या चार ओळींतच पाठीवरचं ओझं जरा सरकल्यासारखं वाटलं.

सौ. गेल्यावर मुलीने मला सिडनीला बोलावून घेतलं. तीन महिन्यांसाठी गेलो आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली ती झालीच. मुलीचं घर क्वेकर्स हिलला. ती आणि जावई दिवसभर आपापल्या खोलीत लॅपटॉपसमोर, मी बागेत लिंबाला पाणी घालतोय. नातू ओम युनिव्हर्सिटीत होता आणि अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळायचा. तिकडे त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. अंगात पॅड, डोक्यावर हेल्मेट, आणि दर दहा सेकंदांनी सगळे एकमेकांच्या अंगावर. मला तो खेळ शेवटपर्यंत कळला नाही. पण त्यांच्या क्लबाला खजिनदार मिळत नव्हता आणि ओमने मीटिंगमध्ये सांगितलं, "माय ग्रँडपा वॉज अ बँक मॅनेजर." झालं. मी सहकारी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, आणि वर्षभराने कुणाला तरी माझी गरज पडली होती.

घरात मला नाना म्हणतात. मुलंही नाना म्हणायला लागली आणि गालात हसायला लागली. ऑस्ट्रेलियात आजीला नाना म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हंगाम संपता संपता मेलबर्नच्या एका कंपनीचं आमंत्रण आलं. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचा हंगाम संपला की चांगले खेळलेल्या संघांना निरनिराळी शहरं मानाने बोलावतात. अशा सामन्याला तिकडे बोल म्हणतात. तसाच सामना या कंपनीला ऑस्ट्रेलियात सुरू करायचा होता, आणि पहिल्याच वर्षी मान आमच्या पोरांना होता. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. सामन्याची अमुक इतकी तिकिटं संघाने आगाऊ विकत घ्यायची. कंपनी सांगेल त्याच मोटेलात, कंपनी सांगेल तितक्या रात्री, तितक्या खोल्या घ्यायच्या. झोपायला कुणी असो वा नसो. सामना रद्द झाला तर पैसे परत नाहीत, तेच तिकीट पुढच्या वर्षी चालेल.

पॅरामॅटाच्या पार्कात मीटिंग झाली. मुलं कचरत होती. कुणी सुपरमार्केटात रात्रपाळी करणारा, कुणी पिझ्झा पोचवणारा, आणि वर्गणी त्यांच्या त्या कमाईतून जाणार होती. तेव्हा मी उठून बोललो. मान चालून येतो तेव्हा नाही म्हणू नये, असं म्हणालो. मेलबर्नला आपली माणसं खंडीभर आहेत, तिकिटांची चिंता माझ्यावर सोडा. ओमने टाळ्या वाजवल्या. मला ते फार आवडलं.

त्यानंतर कित्येक रविवार मी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर तंबूखाली उभा राहिलो. तिथे वर्गणी जमवायची रीत म्हणजे सॉसेज भाजून पावात घालून विकणं. मी शाकाहारी, म्हणून माझ्याकडे कांदा परतायचं काम. घरी आल्यावर मुलगी मला दारातच अडवायची. "नाना, आधी अंघोळ."

बुधवार, ह्यूम हायवे

भाड्याच्या दोन मिनीबस होत्या. पुढची आमचा कोच ग्लेन चालवत होता. पन्नाशीचा, शाळेत पीटी शिकवणारा, मनाने अगदी सरळ. त्याने मला शेजारी बसवलं. मुलीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्यातल्या मिरच्या दिल्या होत्या. ग्लेनने एक मिरची काकडी समजून खाल्ली आणि बराच वेळ गाडी काचा खाली करून चालवली.

सिडनी सुटलं की माणूस दिसत नाही. पिवळं पडलेलं गवत, त्यात एकेकटं गमट्रीचं, म्हणजे निलगिरीचं, झाड, तारेचं कुंपण आणि क्षितिजापर्यंत मेंढ्या. आपल्याकडे पाच मैल गेलं की एखादं देऊळ, एखादी टपरी असते आणि कुणीतरी रस्त्याकडे तोंड करून उगाच बसलेलं असतं. इथे उगाच बसलेलं कुणी नव्हतं. गोलबर्नला दुमजली घराएवढा सिमेंटचा मेंढा पाहिला. बेकरीत मशरूमची पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजीच, मिळाली. तिचं सारण गरम असतं हे जिभेला कळेपर्यंत उशीर झाला होता.

ग्लेन तरुणपणी अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात मदतनीस कोच म्हणून राहिला होता. मी त्याला बोलचं विचारलं.

"आमंत्रण आलं तेव्हा गावातले लोक रस्त्यावर नाचले," तो म्हणाला. "मग कागद आला. हजारो तिकिटं कॉलेजने उचलायची. हॉटेल त्यांनी ठरवलेलं. बँडपण आणायचा. म्हणजे ट्रंपेट वाजवणाऱ्या पोरांच्याही खोल्या आल्या."

"तिकिटं खपली नाहीत तर?"

"तर कॉलेजने घेतली असं समजायचं. आम्ही शेवटी शाळांमध्ये फुकट वाटली. तरी अर्धी बाजू रिकामी होती."

"मग मिळालं काय?"

"पोरांना टोपी आणि घड्याळ. हेड कोचला बोनस. त्याच्या करारातच होतं, बोलला पोचलो की बोनस. जिंकायचीसुद्धा अट नव्हती."

"आणि कॉलेजला?"

"खड्डा." तो हसला. "मोठ्या कॉलेजांचं बरं असतं, नाना. त्यांचे गट असतात. गटातल्या सगळ्यांची बोलची कमाई एका ठिकाणी जमा होते आणि वाटली जाते. तोटाही वाटूनच सोसतात. आम्ही होतो एकटे."

"तरी गेलात?"

"पुढच्या वर्षी चांगले खेळाडू येतील, जुने विद्यार्थी देणग्या देतील, असं सगळे म्हणाले. थोड्या आल्यापण. पण खरं सांगू, कुणी बोलावलं की जावंसं वाटतं, मेट. तुम्हीपण निघालातच की."

आमच्याकडे जत्रेच्या फडात बाहेरगावचा मल्ल बोलावला तर पंच त्याचं गाडीभाडं देतात, दूध देतात, आणि तो हरला तरी रिकाम्या हाताने परत जात नाही. इथे पाहुण्यानेच मांडव घालायचा, पंगत वाढायची आणि वर आभार मानायचे. माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत निम्म्याहून जास्त तिकिटं तशीच पडून होती.

आल्बरीला मरे नदी ओलांडली आणि व्हिक्टोरिया लागलं. पोलिसांनी परमिट बघितलं. माझ्याकडे बघून एक म्हणाला, "आणि हे कोणत्या पोझिशनला खेळतात?"

"ट्रेझरर," मागून ओम ओरडला. सगळी गाडी हसली.

गुरुवार, मेलबर्न

सकाळी पोरं सरावाला गेली. दुपारी कंपनीची बाई मोटेलवर कागद घेऊन आली. चांगली होती, थकलेली दिसत होती. सह्या झाल्यावर पेन बंद करता करता म्हणाली, "तुम्हाला म्हणून सांगते. प्रेक्षकांना परवानगी नाकारलीय. सामना होणार नाही. उद्या जाहीर करू. तोवर कुणाला बोलू नका, प्लीज." विमानतळाजवळच्या क्वारंटाइन हॉटेलातून कोरोना बाहेर पडल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्याच.

ती गेली. मोटेलच्या खोलीत मी एकटा, आणि पलंगावर ती पिशवी. आता शिल्लक तिकिटं म्हणजे पोरांच्या रात्रपाळ्या पाण्यात. त्याहून मोठी गोष्ट, तिकिटांचं माझ्यावर सोडा असं भर मीटिंगमध्ये म्हणालेला मी.

त्या संध्याकाळी मला क्रेगीबर्नला विलासकडे जायचं होतं. विलास आमच्या कराडच्या गल्लीतला, आमच्या अंगणात वाढलेला. शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियाला आला, शिक्षण एका विषयात झालं आणि नोकरी गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची लागली. पण घर बांधलं, कायमचा झाला. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. त्याची बायको शैला हिचं त्या दिवशी हळदीकुंकू होतं, आणि येणाऱ्या मंडळींना तिकिटं विकून देतो असं त्याने मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं.

जाऊ नये, पोट बिघडलं म्हणून कळवावं, असं मनात आलं होतं. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. विलास स्वतः न्यायला आला होता.

क्रेगीबर्नची घरं सगळी नवी, एकसारखी, पुढे वीतभर हिरवळ. घरात एका वेळी ठरावीकच पाहुणे चालत होते, म्हणून बायका तुकड्या-तुकड्यांनी येत होत्या आणि नवरे बाहेर गॅरेजमध्ये, दार वर करून, खुर्च्या लांब लांब टाकून बसले होते. नऊवारी, नथ आणि त्याच्यावर मास्क. शैलाने मास्कखाली नथ अडकते म्हणून ती कानाला लावून टाकली होती. तिळाच्या वड्या, मटार करंज्या, आणि पुरुषांसाठी पातेलंभर मिसळ. ती मिसळ कराडच्या तोडीची होती. मी दोन घास खाऊन ताटली खुर्चीखाली सरकवली.

"विलास, वाण म्हणून तिकिटं वाटू नकोस हं," शैला आतून म्हणाली. "वाण फुकट असतं."

"तू तुझे बटवे वाट, मी माझी तिकिटं वाटतो," विलास म्हणाला.

गॅरेजमध्ये त्याने माझी ओळख करून दिली. मंडळी बहुतेक पुण्या-मुंबईची, आयटीतली. एकाने विचारलं, "काका, या फुटबॉलमध्ये पाय लावतात का?"

"फार कमी," मी म्हणालो.

"मग बघायचं काय?"

"पोरं आपटतात," विलास म्हणाला. "तुझ्या ऑफिसातल्या स्टँडअप मीटिंगपेक्षा बरं आहे."

एक लहान मुलगी बापाच्या गुडघ्याला लटकून म्हणाली, "बाबा, कॅन वी गो? दे हॅव हेल्मेट्स."

चारसहा जणांनी तिकिटं काढली. खेळासाठी कुणीच नाही. शैलाची मिसळ खाल्ली होती, विलासने कधी ना कधी त्यांचं सामान ट्रकने हलवून दिलं होतं. परदेशात आपल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. भिडेखातर माणूस काय काय विकत घेतो. मला हे बँकेत बसून माहीत होतं. किती जामीन मी असे भिडेखातर झालेले पाहिले होते.

मग पार्थ नावाचा एक जरा सावध मुलगा म्हणाला, "आणि लॉकडाउन लागलं तर, विलासदादा? बातम्या बघतोयस ना?"

बाकीच्यांचे पाकिटाकडे गेलेले हात थांबले.

"लागलं तर माझ्याकडून घे पैसे," विलास म्हणाला. "सगळ्यांनाच सांगतो. नानाकाका माझ्यासाठी जामीन राहिले होते रे, मी इथे उभा आहे तो त्यांच्यामुळे. त्यांच्या तिकिटाला माझा शब्द." आणि माझ्याकडे वळून हसला. "काय नानाकाका?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

पिशवी रिकामी झाली. विलासने मोटेलपर्यंत आणून सोडलं, उतरताना करंज्यांचा डबा हातात दिला.

शुक्रवार, पुन्हा ह्यूम हायवे

दुपारी जाहीर झालं. नुसता सामना नाही, सगळं राज्यच मध्यरात्रीपासून बंद. पोरं मोटेलच्या पार्किंगमध्ये पॅड घालून उभी होती, सरावाला निघालेली. धिप्पाड पोरं ती, पण कुणाला काय करावं कळेना. ओम बसच्या पायरीवर खाली मान घालून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचं वाईट वाटत होतं, हे खरं. पण त्याच वेळी मला इतकं हायसं वाटत होतं की मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

ग्लेनने अर्ध्या तासात सगळ्यांना गाडीत कोंबलं. एकाचा बूट मोटेलवरच राहिला. महामार्गावर न्यू साउथ वेल्सच्या नंबरप्लेटा एकामागोमाग एक, जणू सगळं सिडनी मेलबर्नला लग्नाला आलं होतं आणि वऱ्हाड पळत होतं. क्रेगीबर्नचा फाटा आला तेव्हा माझा फोन वाजला.

"नानाकाका, निघालात ना? कुठे थांबू नका. बॉर्डर बंद झाली तर अडकाल तिकडे."

"विलास, ती तिकिटं..."

"ते मी बघतो हो. तुम्ही आधी घर गाठा. पाणी आहे ना जवळ?"

फाट्याची पाटी मागे गेली. मी पाणी आहे म्हणालो.

पेट्रोल पंपावर सँडविच संपले होते. शैलाच्या करंज्या दोन्ही गाड्यांत वाटल्या. ज्या पोराने आयुष्यात मटार करंजी पाहिली नव्हती त्याने सहा खाल्ल्या आणि विचारलं, "नाना, या तुम्ही केल्या?" सूर्य कलला, गवत तांबूस झालं आणि आल्बरीच्या पुलावर ग्लेनने लांबलचक हॉर्न दिला. पोरं ओरडली, एकमेकांच्या डोक्यावर थापा मारल्या. नदीपलीकडे एका दुकानात बटाट्याच्या चिप्स मिळाल्या, कागदात गुंडाळलेल्या, वर व्हिनेगर. गवतावर बसून खाल्ल्या. आम्ही सुटलो होतो, पोरांचे पैसे सुटले होते, माझा शब्द राहिला होता. इतक्या चवीने मी काही खाल्ल्याचं आठवत नाही. आजही, लाज वाटते तरी, त्या चिप्सची आठवण चांगलीच आहे.

सिडनीला परतल्यावर थोडे दिवस घरातच राहायचा हुकूम झाला. क्लबाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मोटेलचा खर्च सोडला तर तिकिटांत तोटा नाही, हे मी वाचून दाखवलं. ग्लेन म्हणाला, "आमच्या कॉलेजात नाना असते तर." मुलांनी मला संघाची टोपी दिली.

पाडव्याला क्रेगीबर्नला फोन केला तेव्हा शैला म्हणाली, विलास घरी नाही, हल्ली शनिवार-रविवारीही शिफ्टला जातो. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लोकांचे पैसे परत करतोय थोडे थोडे. घेत नव्हते काही जण, पण हा ऐकतोय का." पुढच्या वर्षीचा सामना झालाच नाही. ती कंपनीच राहिली नाही.

मी विलासला पैसे पाठवले. त्याने ते परत पाठवले आणि रात्री फोन केला. "नानाकाका, असं करायचं नाही. कोरोना होता. तुम्हाला तरी काय माहीत होतं?"

मी फोन कानाला धरून बसलो.

भारतात कायमचं परतायच्या आधी मी मुद्दाम मेलबर्नला गेलो. या वेळी विमानाने. मनात वाक्य तयार करून गेलो होतो. विलासने जेवायला चार घरं बोलावली होती, पार्थही होता. जेवताना विलासनेच ती हकिगत रंगवून सांगितली: तो हळदीकुंकवाचा दिवस, तिकिटं, दुसऱ्या दिवशीची पळापळ. "आणि आमचे नानाकाका," तो म्हणाला, "इतके बिचारे ओशाळले होते की पैसे पाठवले मला. यांना काय स्वप्न पडलं होतं?" सगळे हसले. पार्थने माझ्या पानात पुरणपोळी वाढली. मी तूप मागितलं.

दुसऱ्या दिवशी तो मला विमानतळावर सोडायला आला. गाडी थांबवून बॅग काढली, वाकून पाया पडला. मी त्याचा दंड धरला. "विलास, त्या गुरुवारी दुपारी मोटेलवर..." एवढं म्हणालो. मागच्या गाडीने हॉर्न दिला, पिवळ्या जाकिटातला माणूस हात हलवत आला.

"इथे थांबता येत नाही, नानाकाका," तो म्हणाला. "पोचलात की फोन करा, तेव्हा सांगा."

मी पोचलो आणि पोचलो एवढंच सांगितलं. त्यानंतर दर दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि मी त्याच्या मुलांची चौकशी करतो, शैलाची करतो, थंडी किती आहे विचारतो. जे सांगायचं होतं ते एवढंच होतं: विलास, मला माहीत होतं. तू गॅरेजमध्ये उभा राहून माझ्यासाठी शब्द देत होतास तेव्हा मला माहीत होतं, आणि मी रिकामा कप तोंडाला लावून बसलो. मला माफ कर.